गमरेकाकांच्या गिटारी

मी गमरेकाकांचं नाव सांगून काळाचौकीच्या एका घरातून इलेक्ट्रिक गिटार विकत आणली, आणि आणल्यावर तिला घासूनपुसून वर चकाकीसाठी लॅकर मारलं. दोन्ही गोष्टी मी पूर्ण शुद्धीत असताना केल्या. आणली तेव्हा रविवार सकाळ होती आणि पोटात फक्त पोहे होते.

गमरेकाका म्हणजे कोण, ते आधी सांगायला हवं. कुणाच्याही घरात शिरल्याशिरल्या वर बघायची त्यांना सवय आहे. चपला काढायच्या आधी, "या, बसा" ऐकायच्या आधी त्यांची मान वर जाते. दाराची चौकट, तिच्यावरची भिंत, छताचा कोपरा. डोळे बारीक करून दोन सेकंद ते तिथे काहीतरी वाचतात आणि मगच यजमानाकडे बघतात. माझ्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या बायकोला वाटलं, यांना जळमटं दिसली. तिने त्यांच्यादेखत झाडू आणला आणि मला स्टुलावर चढवलं. मी जळमटं काढत असताना काका खालून शांतपणे म्हणाले, "मीटर खाली जिन्यात नेलंय वाटतं."

काका एकतीस वर्षं वीज खात्यात मीटर रीडर होते. परळ, लालबाग, काळाचौकी आणि मधली चारेक वर्षं गिरगाव. जुन्या चाळींत मीटर बहुतेक खोलीच्या आत, दाराच्या वर असायचं. आत शिरायचं, मान वर करायची, टॉर्च मारायचा, आकडा लिहायचा. आणि मीटरला लागूनच असायचा पोटमाळा. दहा बाय बाराच्या खोलीत जे खाली मावत नाही आणि टाकवतही नाही, ते माळ्यावर जातं. पितळेचं पिंप, गणपतीचं मखर, वाढलेल्या पोराचा पाळणा. आणि अधूनमधून, पिंपामागून डोकं बाहेर काढलेली एखादी इलेक्ट्रिक गिटार.

गिरणगावात गिटारी कुठून आल्या, असं आमच्या दादरला लोक विचारतात. एके काळी तिथे दर दोन गल्ल्यांआड एक ऑर्केस्ट्रा होता. गायन पार्ट्या होत्या, बेंजो पार्ट्या होत्या. कुणी कलकत्त्याहून मागवलेली, कुणी बोटीवरच्या मेव्हण्याकडून जपानची आणवलेली. गणपतीत वाजायच्या, जयंतीला वाजायच्या, सार्वजनिक पूजेच्या मांडवात वाजायच्या. मग डीजे आला आणि गिटारी माळ्यावर गेल्या. खालच्या माणसांना त्यांचा विसर पडला, पण काका दर खेपेला त्यांच्यावर टॉर्च मारून येत. मीटरचा आकडा खात्याच्या वहीत, गिटार स्वतःच्या वहीत. चाळ, मजला, खोली, वाजवणाऱ्याचं नाव, रंग. आणि शेवटच्या रकान्यात 'चालू' किंवा 'बंद'. चालू म्हणजे वाजवणारा हयात आहे. बंद म्हणजे तो वारला.

आता माझी ओळख. मी एका औषध कंपनीत गोळ्यांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेलं ते बारीक अक्षरांचं माहितीपत्रक लिहितो. ते कुणी वाचत नाही. माझ्याकडे नऊ इलेक्ट्रिक गिटारी आहेत आणि मला एकही वाजवता येत नाही. शिकवणीला तीन महिने गेलो होतो. सरांनी चौथ्या महिन्याची फी घ्यायला नकार दिला. तेव्हापासून मी जमवतो. जमवणाऱ्याला ताल लागत नाही, फक्त नजर लागते असं मी सगळ्यांना सांगायचो. नजरही नव्हती. पहिली 'जुनी' गिटार मी चोरबाजारातून आणली. तिचा पिवळटपणा, तिचे डाग, तिचा तो जुनाट वास यांवर मी आमच्या जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर मोठा मजकूर लिहिला. मग एकाने खाली लिहिलं की हा वास चहाचा आहे, गेल्या वर्षीची गिटार चहाच्या पाण्यात घासून विकतात. मी हुंगून पाहिलं. वेलचीपण होती.

जमवणाऱ्याला दुसरी गिटार मिळायच्या आत तिसरीची भूक लागते. पुढची कुठे मिळेल, हाच दिवसभर विचार. मी सगळीकडे बघायचो. सेकंडहँडच्या साइट, लिलावाची पानं, ग्रँट रोडची दुकानं, वांद्र्याला घर आवरणाऱ्या म्हाताऱ्यांच्या जाहिराती. एकदा लालबागला एका भंगारवाल्याकडे मी निळ्या गिटारीवर घासाघीस करत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"ही परळची. दुसरा मजला, खोली सतरा. वाजवणारा डावखुरा होता, तारा उलट्या बघा."

तारा उलट्या होत्या. मागे बुशशर्टाच्या खिशात टॉर्च अडकवलेला एक सत्तरीचा माणूस उभा होता. मी त्यांना जवळच्या हॉटेलात चहाला नेलं. वेटर येईना. काकांनी त्याच्याकडे दोनदा हात केला आणि मग सोडून दिलं. "डोअर लॉक," ते म्हणाले. "सरासरी लावू. दोन चहा, एक बनमस्का धरून चला."

घर बंद मिळालं की मीटर रीडर 'डोअर लॉक' असा शेरा मारतो आणि आधीच्या महिन्यांवरून सरासरी आकारणी होते, हे मला तेव्हा कळलं. काका हे शेरे माणसांनाही मारायचे. माझी बायको एकदा चार दिवस माझ्याशी बोलत नव्हती, ते ऐकून म्हणाले, "सरासरी लावा. गेल्या खेपेला किती दिवस होतं?" मला ते कधी नावाने हाक मारत नसत. माणसं त्यांच्या डोक्यात पत्त्याने साठवलेली. मी 'दादर' होतो. "काय दादर, येणार का चिंचपोकळीला?" असा फोन आला की मी ऑफिसात पोट बिघडल्याचं सांगायचो.

माझ्या घरच्या नऊ गिटारी त्यांनी टॉर्च मारून एकेक बघितल्या. मी बाजूला उभा, कौतुकाची वाट बघत.

"वाजतात?"

"सगळ्या."

"कोण वाजवतं?"

"तसं कोणी नाही."

"म्हणजे वापर शून्य," काका म्हणाले आणि टॉर्च विझवला.

त्यांच्याबरोबर फिरणं सुखाचं नव्हतं. लालबागला एका टॉवरसमोर उभे राहून ते हवेत बोट दाखवायचे. "तिथे, तो पार्किंगचा मजला दिसतो ना, त्याच्या जरा डावीकडे, लाल होती एक. बाई फार जपायची." त्या जागी आता गाड्यांचे चार मजले असायचे. पुढच्या नाक्यावर पत्रे ठोकलेले, आत खड्डा. काका पत्र्याच्या फटीतून खड्ड्यात बघायचे. "इथे दोन होत्या. एक चालू, एक बंद." वही काढून ते त्या पानावर आडवी रेघ मारायचे आणि खाली लिहायचे, 'कनेक्शन काढले'. त्यांच्या वहीत अशी पानं आता जास्त झाली होती.

त्यांचा नियम एकच होता. चालू गिटारीबद्दल विचारायचं नाही. वाजवणारा गेल्यावरसुद्धा घाई नाही. गिरगावात एका बाईंनी नवऱ्याची गिटार मला द्यायचं कबूल केलं. मी पिशवी घेऊनच गेलो होतो. काकांनी त्यांना सांगितलं, "वहिनी, आधी महिनाभर खाली काढून ठेवा. रोज समोर दिसू दे. मग नको वाटली तर हे दादर येऊन नेतील." महिन्याने गेलो तर बाईंनी तिला मोरपंखी कव्हर शिवलं होतं. आम्हाला भजी दिली आणि गिटार दिली नाही. परतताना मी धुसफुसत होतो. काका खुशीत होते. "भजी चांगली होती," एवढंच म्हणाले.

साहजिकच मला संशय आला की चांगला माल हा माणूस स्वतःकडे वळवतो. एकदा 'इकडून चाललोच होतो' असं सांगून मी परळला त्यांच्या घरी टपकलो. एकट्याची खोली. कॉट, स्टोव्ह, भिंतीवर बायकोचा हार घातलेला फोटो. तिला जाऊन नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. माळ्यावर फक्त एक ट्रंक.

"काका, तुमच्या गिटारी कुठायत?"

"ज्याच्या त्याच्या माळ्यावर."

"पण तुमच्या स्वतःच्या?"

"त्याच की," काका म्हणाले. मला वाटलं, माणूस लपवतोय.

आता त्या रविवाराकडे येतो. त्याच्या आदल्या आठवड्यात हॉटेलात काका हात धुवायला गेले आणि वही टेबलावर राहिली. मी ती उघडली. काळाचौकीचं पान होतं. तिसरा मजला, खोली बेचाळीस. 'जाधवमास्तर. लाल-काळी. जपानी.' आणि शेवटच्या रकान्यात 'चालू'. बाजूला बारीक अक्षरात, 'लकवा, उजवी बाजू.'

पुढचं गणित मी दोन मिनिटांत केलं. ज्याची उजवी बाजू गेली तो गिटार वाजवणार कसा? म्हणजे नावालाच चालू. नियम मोडत नव्हता, फक्त थोडा वाकत होता. काका हात पुसत आले तेव्हा मी बनमस्का खात होतो.

रविवारी मी बेचाळीस नंबरच्या दारात उभा राहिलो. सुजाता, म्हणजे मास्तरांची सून, समोर आली. घरभर खोकी बांधलेली. बिल्डिंग महिन्याभरात रिकामी करायची होती. नवरा नवी बिल्डिंग होईपर्यंत राहायची ट्रान्झिटची खोली बघायला गेला होता. कॉटवर मास्तर भिंतीकडे तोंड करून झोपले होते.

"कोण पाहिजे?"

"गमरेकाकांनी पाठवलंय."

तिच्या चेहऱ्यावरचा संशय एकदम गेला. "काकांनी? या ना, आत या. पाणी घ्या." मी पाणी प्यायलो. गिटारीचं विचारलं. ती जरा थांबली. "काका म्हणाले द्यायची?"

मी 'हो' म्हणालो नाही. मी मान हलवली. पुढे पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत होतो की मी 'हो' म्हणालो नव्हतो.

"न्या मग," ती म्हणाली. "तिकडे माळाच नाहीये. काकांना ठाऊक असेल काय करायचं ते." तिने स्वतः स्टुलावर चढून गिटार खाली दिली. मी पैशांचं पाकीट पुढे केलं, ते तिने न मोजता खोक्यावर ठेवलं. मास्तर हलले नाहीत. मी हळू आवाजात आभार मानले, झोपमोड नको म्हणून. मला वाटतं, त्या दिवशी मी दाखवलेली तेवढीच सभ्यता.

घरी आणल्यावर मी तिच्याकडे नीट बघितलं. वरच्या कडेला, वाजवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येईल अशी, दवाखान्यात मिळते ती पांढरी चिकटपट्टी लावलेली होती. कडा काळ्या पडलेल्या, वर पेनाने काहीतरी लिहिलेलं, शाई पसरलेली. दांडीवरचा रंग अंगठ्याच्या जागी उडून आतलं लाकूड दिसत होतं. मी थिनर आणला. पट्टी ओली करून खरवडून काढली. दांडी घासली. तीन हात लॅकर मारलं. गिटार मिठाईच्या दुकानातल्या बर्फीसारखी चमकायला लागली. फोटो ग्रुपवर टाकला. एकाने लिहिलं, "मूळ फिनिश होतं का हो?" मी लिहिलं, "होतं." त्याने नमस्काराचं चिन्ह पाठवलं. जुन्या गिटारीचा मूळ रंग कुणी घासत नाही; ते कौतुक नव्हतं, हे मला उशिरा कळलं.

गुरुवारी दुपारी ऑफिसात फोन आला.

"दादर, लाल-काळी तुमच्याकडे आहे का?"

"काका, मी तुम्हाला सांगणारच होतो..."

"आहे ना?"

"आहे."

"येतो."

पोट बिघडल्याचं सांगून मी घर गाठलं. ते आले आणि पहिल्यांदाच त्यांनी वर बघितलं नाही. गिटार स्टँडवर होती. ते तिच्यासमोर बसले, वरच्या कडेवरून बोट फिरवलं.

"पट्टी कुठाय?"

"कुठली?"

"पांढरी होती."

"खराब झालेली होती काका. काढली."

बायकोने चहा आणून ठेवला, त्यावर साय आली. मग ते बोलायला लागले ते माझ्याकडे न बघता.

जाधवमास्तर त्यांच्या गायन पार्टीत गिटार वाजवायचे. काका त्याच पार्टीत होते, पण वाजवायला नव्हे. ते लाइटवाले. मांडवात वायर ओढायची, अॅम्प्लिफायर जोडायचा आणि त्याच्या मागे बसून राहायचं. कार्यक्रमात कुठलं गाणं कशानंतर, ते मास्तर पट्टीवर लिहून गिटारीला चिकटवायचे. शेवटच्या कार्यक्रमानंतर ती पट्टी तशीच राहिली. दोन वर्षांपूर्वी मास्तरांना लकवा झाला. उजवा हात गेला, बोलणं गेलं, एखाददुसरा शब्द उरला. मुलगा-सून कामावर. दर गुरुवारी दुपारी काका तिथे जायचे, गिटार माळ्यावरून काढून मास्तरांच्या मांडीवर ठेवायचे. मास्तर आधी अंगठ्याने पट्टी चाचपायचे. मग डाव्या हाताने तारा दाबायचे. आणि तारा छेडायचे काका.

"तुम्हाला वाजवता येतं?"

"नाय. मास्तर डोळा मिटतो, तेव्हा मारायची."

"आणि अॅम्प्लिफायर?"

"विकला कधीच. बिनकरंटचं वाजवतो. आमच्या दोघांपुरतं येतं ऐकू."

मी म्हणालो की मला ठाऊक नव्हतं. ते खरं होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

"मीटर जिन्याखाली गेले ना," काका म्हणाले, "तेव्हा आमचं आत जाणं संपलं. आधी महिन्याला हजारभर घरांत जायचो. कोण आजारी, कोणाची पोरगी पास झाली, सगळं दिसायचं. पाणी द्यायचे लोक. मग रिटायर झालो, बायको गेली. आता कुणाच्या दारात उभा राहून काय सांगू, कशाला आलो? म्हणून ही वही. गिटार बघायला आलो बोललं की लोक आत घेतात. विकत घ्यायचीय कुणाला?"

त्यांनी गार चहा एका घोटात प्यायला.

"तुम्ही माझं नाव सांगितलंत, दादर. आज मी गेलो तर सुजाता घरी थांबलेली. बोलली, काका, तुम्हाला विकायची होती तर आधी सांगायचं, दर गुरुवारी यायचं नाटक कशाला." ते उठले. "त्या एका नावावर दारं उघडायची माझ्यासाठी. दुसरं काय नव्हतं."

मी म्हणालो, आत्ता जाऊ, आत्ताच्या आत्ता परत देऊ. टॅक्सीत गिटार आमच्या दोघांच्या मध्ये उभी होती. काका खिडकीबाहेर बघत होते. मी तीनदा सुरुवात केली, "काका, मी..." तिन्ही वेळा सिग्नल सुटला.

सुजाता दारातच होती. मी सगळं सांगितलं. कुणी पाठवलं नव्हतं, मी खोटं बोललो, काकांना आजच कळलं. ऐकताना ती माझ्याकडे बघतच नव्हती, काकांकडे बघत होती. पैशांचं तिने मला बोलूच दिलं नाही. "काका, आत या," एवढंच म्हणाली. मला 'या' म्हणाली नाही. मी काकांच्या मागून शिरलो.

मास्तर कॉटवर टेकून बसले होते. काकांनी गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली. मास्तरांचा डावा अंगठा वरच्या कडेवर गेला. पुढे सरकला, मागे आला. पुन्हा गेला. मग तो दांडीवर आला आणि माझ्या लॅकरवरून घसरला. मास्तरांनी गिटार ढकलली.

"नाय."

"मास्तर, तीच आहे."

"नाय."

काकांनी पुन्हा ठेवली. मास्तरांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. काकांचे हात गिटारीच्या दोन बाजूंना तसेच राहिले होते. मी माणसांना रडताना पाहिलं आहे, पण इतकं सरळ बसून काही न करणारा माणूस पाहिला नव्हता.

मग त्यांनी सुजाताकडे चिकटपट्टी मागितली. एका खोक्यात औषधांची पिशवी होती, त्यातून तिने रीळ काढून दिलं. माझ्याकडे न वळता काका म्हणाले, "दादर, दांडी खरवडा."

खालच्या हार्डवेअरच्या दुकानातून मी पॉलिश पेपर आणला आणि गॅलरीत मांडी घालून माझंच लॅकर काढायला बसलो. येणारेजाणारे वळसा घालून जात होते. एक आजी थांबल्या. "रंगवाला काय रे तू? आमच्या दाराक पण हात मारूचो आसा." मी 'नंतर बघतो' म्हणालो. तीन हात चढवायला दोन दिवस लागले होते. उतरवायला तासभर लागला. बोटांची सालं निघाली, ते योग्यच झालं.

आत काका पट्टीवर लिहीत होते. एकेक गाणं, क्रमाने. वंदना, मग स्वागताचं, मग तिसरं. कुठेही न अडखळता अकराच्या अकरा. मास्तर भिंतीकडून वळून त्यांच्या पेनाकडे बघत होते. अॅम्प्लिफायरच्या मागे बसून या माणसाने किती वर्षं ती पट्टी वाचली होती कोण जाणे.

त्यांनी पट्टी दोनदा चुरगळली, कडा बोटांनी मळवल्या आणि चिकटवली. गिटार पुन्हा मांडीवर गेली. अंगठा कडेवर आला. थांबला. हळूहळू पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. दांडीवर उतरला, खरवडलेल्या जागेवर टेकला. मास्तरांनी काकांकडे पाहिलं. आपल्याला फसवलं जातंय हे मास्तरांना कळलं असावं असं मला वाटतं. काकांनी नजर चुकवली नाही.

मास्तरांची बोटं तारांवर बसली.

काकांनी खिशातून तारा छेडायला श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणातून कापलेला तिकोनी तुकडा काढला आणि कॉटवर मास्तरांना अगदी खेटून, त्यांच्या निकामी हाताच्या बाजूला बसले.

"ट्रान्झिटला कसं यायचं, लिहून देते," सुजाता मध्येच म्हणाली. "दोन बस बदलायला लागतील. याल ना काका?"

काकांनी मान हलवली.

मास्तरांनी डोळा मिटला. काकांनी तार छेडली. मला काही ऐकूच आलं नाही. सुजाताने टीव्ही बंद केला, मग पंखाही बंद केला. शेजारच्या खोलीत कुणीतरी कपडे आपटत होतं. त्याच्या खालून कुठूनतरी, कुणी डबीतल्या सुया हलवाव्यात एवढासा आवाज यायला लागला. डोळा मिटायचा, तुकडा फिरायचा. काकांच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता. पहिलं संपलं. काका म्हणाले, "पुढचं." दुसरं सुरू झालं.

मला भरून आलं. भरून आलं की मी बोलतो. मी दोन पावलं पुढे झालो आणि म्हणालो, मास्तर, काका, मी जे केलं त्याला क्षमा नाही, तरीपण आज तुमच्यासमोर मला मनापासून एवढंच सांगायचं आहे की...

सुजाता भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होती. तिने डोळे उघडले नाहीत.

"ओ साहेब, गप बसा जरा," ती म्हणाली. "तुमच्या माफीत गिटार ऐकायला येत नाय."